मागे लागण्याचे मराठी शब्द : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. एका स्वाध्यायपुस्तिकेत 'पाठलाग' या शब्दापुढे 'पिच्छा, पाठपुरावा, मागोवा, तगादा, ससेमिरा' असे समानार्थी शब्द छापले आहेत. त्यांच्या आधारे एका मुलाने 'पोलिसांनी चोराचा पाठपुरावा केला' असे वाक्य लिहिले आणि मी ते चूक दिले. शब्द यादीत आहे तर गुण मिळायला हवेत, असे पालकांचे म्हणणे आहे. योग्य काय? (नाशिक)

उत्तर : वाक्य चुकीचेच आहे. मात्र दोष मुलाचा नाही, यादीचा आहे. तेव्हा गुण द्यावेत की कापावेत हे आपण ठरवा, पण यादी तेवढी मुलांसमोर दुरुस्त करून घ्या.

कोणाच्या तरी मागे जाणे किंवा लागणे हा धागा या सगळ्या शब्दांत आहे, म्हणून ते एका ओळीत आले. परंतु समानार्थी म्हणजे एकाच्या जागी दुसरा खुशाल ठेवता येईल असा शब्द, अशी मुलांची समजूत असते, आणि या यादीतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी सरसकट चालत नाही. कोणता शब्द कुठे वापरायचा हे ठरवताना मी तीन गोष्टी पाहतो. ज्याच्या मागे जायचे तो डोळ्यांसमोर आहे की दिसेनासा झाला आहे? आपण मागे येणे त्याला नकोसे आहे काय? आणि मागे जाणारा कशाच्या बळावर मागे जातो, पायांच्या, नजरेच्या, जिभेच्या की मनाच्या? एवढे पाहिले की बहुतेक वेळा शब्द आपोआप सापडतो.

'पाठलाग' या शब्दातच पुढच्या माणसाची पाठ आहे. संस्कृत 'पृष्ठ' वरून आलेली ही पाठ मागच्याला दिसत असते, निदान हाताच्या अंतरावर तरी असते, आणि तिला 'लागून' जायचे असते. म्हणून पाठलागात दोघेही चालते-पळते असतात, दोघांमधले अंतर कमीजास्त होत असते आणि पुढच्याला सुटायचे असते. 'माग' हा शब्द मात्र 'मार्ग' वरून आला आहे. तिथे पुढचा माणूस केव्हाच निघून गेलेला असतो. उरलेली असते ती त्याची वाट, पावलांचे ठसे, मोडलेली फांदी, सांडलेले दाणे. शिवचरित्रातले दोन प्रसंग शेजारी ठेवले तर हा भेद मुलांना चटकन कळतो. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले, सिद्दी मसूद त्यांच्या मागे धावला आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली; हा पाठलाग होता. १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज आग्र्याहून निसटले, तेव्हा ते पहाऱ्यावरच्यांना दुसऱ्या दिवशी कळले. पाठ दिसायलाच कोणी समोर नव्हते. तेथे पाठलाग होऊच शकत नव्हता. तपास झाला, वाटा रोखल्या गेल्या, माग काढण्याची धडपड झाली.

माग काढणे हे एके काळी गावगाड्यातले नेमून दिलेले काम होते. पेशवाई संपल्यावर १८१९ साली एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या कामाचे वर्णन आहे. गावात चोरी झाली की गावच्या राखणदाराने चोराच्या पावलांवरून निघायचे. ती पावले दुसऱ्या गावच्या हद्दीत गेली आणि तिथल्या राखणदाराची तशी खात्री पटली, की पहिल्याची जबाबदारी संपे आणि पुढचा माग दुसऱ्याने काढायचा असे. शेवटी ज्या गावापर्यंत चोराचा माग स्पष्टपणे पोचे, ते गाव नुकसानीला जबाबदार धरले जाई. 'माग लागणे', 'माग लावणे', 'माग सुटणे', 'मागावर असणे' हे आपले वाक्प्रचार अशा जगातले आहेत, आणि म्हणूनच त्यांत घाईपेक्षा चिकाटी आणि बारीक नजर जास्त दिसते. 'पोलीस त्याच्या मागावर आहेत' या वाक्यातून आरोपी अजून दिसलेला नाही हे आपल्याला न सांगता समजते.

'मागोवा' हे त्याच घरातले मूल, पण त्याने वेगळी वाट धरली. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी 'तैसा व्यासाचा मागोवा घेतु । भाष्यकारांतें वाट पुसतु' असे शब्द येतात. व्यास होऊन गेले, त्यांची पावले ग्रंथात उरली, त्या पावलांवरून आपण चालत आहोत, एवढा सगळा आशय त्या एका शब्दात मावला आहे, आणि सातशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तो बदललेला नाही. सरत्या वर्षातल्या घटनांचा मागोवा, एखाद्या घराण्याच्या इतिहासाचा मागोवा, नाट्यसंगीताच्या वाटचालीचा मागोवा हे सर्व प्रयोग निर्दोष आहेत, कारण या गोष्टी होऊन गेलेल्या आहेत. पळत्या चोराचा मागोवा मात्र घेता येत नाही.

'पिच्छा' या शब्दात वेगाला महत्त्व नाही, चिवटपणाला आहे. पाठलाग पाच मिनिटांत आटोपू शकतो; पिच्छा दिवसेंदिवस चालतो आणि तो पुरवणारा माणूसच असला पाहिजे असेही नाही. जुने कर्ज, एखादा आजार, एखादी अफवा, एखादी आठवण यांपैकी कोणीही पिच्छा पुरवू शकते. 'हिवतापाने त्याचा पिच्छा सोडला नाही' हे अस्सल मराठी वाक्य आहे; त्यात 'पाठलाग' घालून पाहिले तर ते लगेच विजोड होते. या शब्दाबरोबर येणारी क्रियापदेही ठरलेली आहेत. पिच्छा पुरवायचा असतो, सोडायचा असतो किंवा त्यातून कोणाला तरी सोडवायचे असते. 'पिच्छा करणे' हे हिंदीच्या वळणाने अलीकडे बोलले जाते. लेखनात ते टाळावे असे माझे मत आहे.

'तगादा' हा पूर्णपणे जिभेचा व्यवहार आहे. अरबी-फारसी 'तकाजा' मराठीत येऊन तगादा झाला आणि देण्याघेण्याच्या व्यवहारात तो रुळला. एल्फिन्स्टनच्या त्याच अहवालात या प्रथेचेही वर्णन आहे: कर्ज फिटले नाही की सावकार ऋणकोच्या दारात स्वतः बसे किंवा माणूस बसवी आणि वसूल झाल्याशिवाय उठत नसे. 'धरणे' हा शब्द त्याच रीतीचा, आणि आज मंत्रालयासमोर धरणे धरणारे कार्यकर्ते नकळत त्याच रीतीचे नाव चालवत असतात. तगाद्यात देणे किंवा मागणे असलेच पाहिजे. चोराच्या मागे तगादा लावता येत नाही. मात्र चोराकडे आपले पैसे राहिले असतील तर लावता येतो. लकडा, धोशा आणि टुमणे हे तगाद्याचे घरगुती भाऊबंद आहेत. मूल खेळण्यासाठी टुमणे लावते, आई लग्नाचा लकडा लावते, आणि यांत देण्याघेण्याचा हिशेब नसला तरी ऐकणाऱ्याची सुटका नसते.

राहिले दोन शब्द, ससेमिरा आणि पाठपुरावा. त्यांच्यावर स्वतंत्र प्रश्न आले आहेत, तिथे पाहूच.

वर्गासाठी एक सुचवतो. समानार्थी शब्दांची यादी पाठ करून घेण्याऐवजी मुलांना एकच गोष्ट सांगायला द्यावी: रात्री घरफोडी झाली, शेजाऱ्याने चोर पळताना पाहिला, चोर अंधारात नाहीसा झाला, सकाळी चिखलात ठसे दिसले, घरमालकाने पोलीस ठाण्यात खेपा घातल्या. यातल्या प्रत्येक वळणावर वेगळा शब्द लागतो आणि तो का लागतो हे मुले स्वतः सांगतात.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या पत्रव्यवहारात मी 'आम्ही गेले वर्षभर महापालिकेचा पाठपुरावा करत आहोत' असे लिहिले. एका सभासदांनी ते चूक ठरवले. (ठाणे)

उत्तर : सभासदांचे म्हणणे बरोबर आहे. पाठपुरावा मागणीचा, तक्रारीचा, प्रकरणाचा, प्रस्तावाचा करायचा असतो. ज्याच्याकडून काम करवून घ्यायचे त्याला '-कडे' हा प्रत्यय लागतो. आपले वाक्य 'जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी आम्ही गेले वर्षभर महापालिकेकडे पाठपुरावा करत आहोत' असे व्हायला हवे. 'महापालिकेचा पाठपुरावा' असे लिहिले तर आपण महापालिकेची बाजू लढवत आहात असा अर्थ निघू शकतो, आणि तो ओढूनताणून काढलेला अर्थ नाही. 'त्यांनी स्त्रीशिक्षणाचा आयुष्यभर पाठपुरावा केला' या वाक्यात हाच शब्द कैवार घेणे, एखादे मत धरून ठेवून पुढे नेणे या अर्थाने येतो.

या शब्दाची घडण लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'पाठ पुरवणे' म्हणजे धरलेली पाठ मध्येच न सोडता शेवटास नेणे. 'पुरवणे' हे 'पुरणे' पासून झाले. जे पुरते ते शेवटपर्यंत टिकते. पाठपुराव्यात म्हणूनच एक दमदारपणा आहे, शिवाय वैर नाही आणि धाकही नाही. तो उजेडात, नावानिशी, आवक-जावक क्रमांकासह करायचा असतो. ज्या कचेरीकडे आपण पाठपुरावा करतो तिला तो कंटाळवाणा वाटत असेल, पण तो आपला हक्क आहे. अर्जदाराच्या चिकाटीला एखादा अधिकारी 'तगादा' म्हणतो आणि अर्जदार स्वतः 'पाठपुरावा' म्हणतो, तेव्हा दोघांचे भांडण शब्दाच्या निवडीतच उघड झालेले असते. नागरिकांनी आपला शब्द सोडू नये.

पत्रात आणखी एक काळजी घ्यावी. 'सतत पाठपुरावा करूनही' एवढे लिहून थांबू नये. कोणत्या तारखेला अर्ज दिला, कोणत्या तारखेला स्मरणपत्र दिले, कोणाची भेट घेतली, हे एका खाली एक मांडावे. तारखा नसलेला पाठपुरावा वाचणाऱ्याच्या नजरेत भरत नाही.

प्रश्न : 'तपासयंत्रणांचा ससेमिरा' असे आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. हा ससेमिरा शब्द कुठला? त्यात ससा आहे काय? (सोलापूर)

उत्तर : ससा नाही. शिकारी सशाच्या मागे लागतो म्हणून ससेमिरा, ही व्युत्पत्ती अनेकांच्या तोंडी असते, पण ती ऐकीव आहे. हा शब्द चार संस्कृत श्लोकांच्या पहिल्या अक्षरांचा मिळून झाला आहे आणि त्यामागची कथा सिंहासनबत्तिशीत आहे.

नंद राजाचा मुलगा शिकारीला गेला. रानात सोबत्यांपासून चुकला आणि वाघाच्या भीतीने झाडावर चढला. झाडावर आधीच एक अस्वल होते. त्याने राजपुत्राला अभय दिले आणि आपल्या आधाराने झोपू दिले. खालून वाघाने अस्वलाला पुष्कळ विनवले की, या माणसाला खाली ढकल. पण शरण आलेल्याला दगा देणार नाही, असे अस्वलाने सांगितले. मग अस्वल झोपले आणि पहाऱ्याची पाळी राजपुत्राची आली. वाघाने त्यालाही तेच सांगितले, आणि राजपुत्राने अस्वलाला ढकलून दिले. फांदीला धरून अस्वल वाचले व त्याने राजपुत्राला शाप दिला. तेव्हापासून राजपुत्र वेडा होऊन 'ससेमिरा, ससेमिरा' एवढेच बरळत भटकू लागला. पुढे राजवाड्यात पडद्याआड बसलेल्या एका विद्वानाने एकेक श्लोक म्हटला. पहिला श्लोक 'सद्भावप्रतिपन्नानां वञ्चने का विदग्धता' असा सुरू होतो. सद्भावाने जवळ आलेल्यांना फसवण्यात कसले आले चातुर्य, असे तो विचारतो. तो ऐकताच राजपुत्राच्या तोंडचा 'स' गळाला आणि तो 'सेमिरा' म्हणू लागला. दुसरा श्लोक सेतूच्या यात्रेचा, 'से' ने सुरू होणारा. तिसरा मित्रद्रोह्याच्या पापाचा, 'मि' ने सुरू होणारा. चौथा राजाला उद्देशून, 'रा' ने सुरू होणारा. एकेक अक्षर गळत गेले आणि चौथ्या श्लोकानंतर राजपुत्र शुद्धीवर आला.

कथेत ससेमिरा हा वेड्याच्या तोंडचा अखंड घोष आहे. मराठीत त्या अखंडपणावर भर आला: तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर आदळणे, मग सुटका न देणारी भुणभुण, आणि पुढे ज्यातून निसटता येत नाही असा पाठीमागचा त्रास. म्हणून ससेमिरा 'मागे लागतो', आपण तो 'चुकवतो' किंवा 'टाळतो'. 'ससेमिरा करणे' असा प्रयोग होत नाही. हा शब्द ज्याच्या मागे लागले त्याच्या बाजूने बोलतो.

वर्तमानपत्री प्रयोगाविषयी माझा एक आक्षेप आहे. एखाद्याची चौकशी सुरू झाली एवढीच बातमी असेल, तर तिला ससेमिरा म्हणणे म्हणजे चौकशी अन्यायाची आहे असे आधीच सांगून टाकणे. बातमीदाराला खरोखर तसे म्हणायचे असेल तर त्याने ते कारणांसह लिहावे. तसे नसेल तर 'चौकशी' हा साधा शब्द पुरेसा आहे.

प्रश्न : 'स्वप्नांचा पाठलाग करा' असे व्याख्यानांतून ऐकतो, आणि क्रिकेटच्या वार्तांकनात 'लक्ष्याचा पाठलाग' असतो. स्वप्न आणि लक्ष्य पळतात काय? (पुणे)

उत्तर : दोन्ही प्रयोग इंग्रजीच्या छायेत तयार झाले आहेत, परंतु दोघांना एकच न्याय लावता येणार नाही.

क्रिकेटमध्ये पाठलाग रुजला आहे आणि त्याला थोडा आधारही आहे. प्रतिपक्षाच्या धावा पुढे असतात, आपल्या धावा मागून येतात, षटकागणिक अंतर कमीजास्त होते. 'धावांचा पाठलाग' हे म्हणूनच चालून जाते, कारण या शब्दाला लागणारी मागची-पुढची जोडी तिथे आहे. 'लक्ष्य' मात्र जागच्या जागी असते. ते गाठायचे, भेदायचे किंवा साधायचे. 'आव्हान पेलताना' हाही चांगला पर्याय पूर्वीपासून लिहिला जातो.

स्वप्नांचा पाठलाग मला खटकतो, आणि त्याचे कारण वर सांगितलेलेच आहे: पाठलागात पुढच्याला सुटायचे असते. आपले स्वप्न आपल्यापासून पळ काढत आहे, अशी कल्पना करून एखाद्या मुलाला उमेद कशी यावी? मनाने मागे लागण्यासाठी मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही. ध्यास आहे, वेड आहे, संतांचे पिसे आहे, छंद आहे, ओढ आहे. यांतही तारतम्य आहे. छंदात आनंद असतो आणि तो वेळ मिळेल तसा जोपासता येतो. ध्यासाला दुसरे काही सुचत नाही. पिसे लागलेल्याला लोक काय म्हणतात याचे भान उरत नाही. नाद हा शब्द दोन्हीकडे झुकतो: गाण्याचा नाद कौतुकाने सांगतात, पत्त्यांचा नाद तक्रारीने. 'वेध' लागतात ते पुढे येणाऱ्या गोष्टीचे. ग्रहणापूर्वी वेध लागतात, तसे सुट्टीचे लागतात, आषाढीचे लागतात. तिथे आपण धावत नाही, ती गोष्टच आपल्याकडे येत असते. आणि हव्यास हा अतिरेक झालेल्या इच्छेचा शब्द आहे, म्हणून विद्येचा ध्यास आणि पैशाचा हव्यास अशी वाटणी भाषेनेच करून ठेवली आहे.

जे हाती येणारच नाही त्याच्यामागे धावणे यासाठी 'मृगजळामागे धावणे' आहे, आणि हातचे टाकून दुसऱ्याच्या मागे जाणाऱ्यासाठी 'हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे' ही म्हण आहे. 'धाव घेणे' मात्र यांच्यात मिसळू नये. न्यायालयात धाव घेणारा कोणाच्या मागे लागलेला नसतो, तो आधारासाठी कोणाकडे तरी गेलेला असतो.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. तरुणीच्या मागे मागे जाणे, नको असताना संदेश पाठवत राहणे, समाजमाध्यमांवर तिच्यावर नजर ठेवणे, अशा प्रकारांना बातमीत कोणता शब्द वापरावा? 'छेडछाड' लिहिण्याची सवय आहे. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : 'छेडछाड' लिहू नये. तो शब्द चेष्टेच्या अंगाने जातो आणि गुन्ह्याचे वजन उतरवतो. 'एकतर्फी प्रेमातून' हा शब्दप्रयोगही तसाच. त्यात प्रेम हा शब्द आरोपीच्या सांगण्यावरून आपण मान्य करून टाकतो.

कायद्याने हा गुन्हा वेगळा ओळखला आहे. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड घातले गेले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवूनही वारंवार तिच्या मागे जाणे, तिच्याशी संपर्क साधणे किंवा साधण्याचा प्रयत्न करणे, तसेच तिच्या इंटरनेट, ईमेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर नजर ठेवणे हे त्यात येते. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे.

बातमीत या गुन्ह्याला 'पाठलाग' म्हणावे आणि लगेच पुढच्या वाक्यात घडलेली कृती सांगावी. मागे मागे गेला असेल तर 'पाठलाग', फोन व संदेशांचा मारा केला असेल तर 'पिच्छा पुरवला', तिच्या येण्याजाण्यावर किंवा खात्यांवर लपून नजर ठेवली असेल तर 'पाळत ठेवली'. पाळत हा शब्द इथे फार उपयोगी आहे, कारण ज्याच्यावर ती असते त्याला बहुधा तिचा पत्ता नसतो. पाठलागाची चाहूल लागते, पाळतीची लागत नाही, आणि तक्रारदाराला नेमके काय सोसावे लागले हे वाचकाला त्यावरून कळते. 'मागे लागला होता' हा बोलीतला मोघम प्रयोग बातमीत नको. लग्नासाठी विचारणाराही मागे लागतो आणि चाकू घेऊन येणाराही. दोघांना एका शब्दात बसवणे अन्यायाचे आहे.

प्रश्न : 'माग', 'मागे' आणि 'मागणे' हे शब्द एकाच मुळाचे आहेत का? (गोंदिया)

उत्तर : होय, आणि त्यांच्या मुळाशी शिकार आहे. संस्कृतात 'मृग' म्हणजे मुळात कोणतेही रानातले जनावर. म्हणून सिंह 'मृगेंद्र' होतो आणि वानर 'शाखामृग'. 'मृगया' म्हणजे शिकार, आणि 'मार्ग' हा शब्दही याच कुळातला मानला जातो. मार्गावरून मराठीत 'माग' आला, मागावर असलेला तो 'मागे' आला, आणि शोधणे या अर्थाच्या 'मार्ग्' धातूवरून 'मागणे' आले. तुमच्या वऱ्हाडी-झाडीच्या बाजूला 'मांगं' म्हणतात, तेही त्याच मुळाचे.

शिकारीच्या भाषेतले आणखी एक देणे म्हणजे 'रान उठवणे'. हाकारे घालणारे लोक आरडाओरडा करत, डबे बडवत जनावराला शिकाऱ्याच्या दिशेने हुसकावत. आज एखाद्या प्रश्नावर जनमत जागे करणाऱ्यासाठी आपण तोच वाक्प्रचार वापरतो. 'पारध' हा शब्दही शिकारीचाच. मात्र 'पारधी' हे एका समाजाचे नाव आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याखाली ज्या अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला त्यांत फासेपारधीही आले, आणि कायदा रद्द होऊन १९५२ साली ते विमुक्त झाले तरी तो शिक्का लोकांच्या मनातून पुरता पुसलेला नाही. त्यामुळे 'पारध्यासारखा मागे लागला' अशा उपमा लिहिताना हात आवरावा.

आकाशातही हा शब्द जागच्या जागी आहे. मृग नक्षत्राच्या मधोमध ओळीने दिसणारे तीन तारे म्हणजे हरणाच्या अंगात घुसलेला बाण, आणि तो मारणारा तेजस्वी व्याध त्या ओळीच्या एका टोकाच्या दिशेने दिसतो. दुसऱ्या टोकाकडे रोहिणीची तांबूस चांदणी आहे. हरणाचे रूप घेतलेला प्रजापती रोहिणीच्या मागे लागला आणि व्याधाने त्याला बाण मारला, अशी ब्राह्मणग्रंथांतली कथा आहे. हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेकडे पाहिले तर आधी रोहिणी उगवते, तिच्यामागून मृग आणि मग व्याध. रात्रभर याच क्रमाने ते पश्चिमेकडे जातात. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर सूर्य ज्या मृगात शिरतो आणि शेतकरी ज्याच्या पावसाची वाट पाहतो, तो हाच मृग.

प्रश्न : 'पाठोपाठ' आणि 'लागोपाठ' यांत फरक काय? आणि 'पाठवणी' मधली पाठ हीच का? (रत्नागिरी)

उत्तर : 'लागोपाठ' मध्ये 'पाठलाग' चेच दोन घटक उलट क्रमाने आले आहेत, पण त्यात कोणी कोणाच्या मागे लागलेले नाही. लागोपाठ तीन दिवस पाऊस पडला, म्हणजे मध्ये खंड नव्हता. पाठोपाठ म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी लागतात: वीज चमकली आणि पाठोपाठ गडगडाट झाला. 'लागोपाठ तीन बस आल्या' आणि 'बसच्या पाठोपाठ रिक्षा आली' ही वाक्ये शेजारी ठेवली की फरक दिसतो. पाठच्या भावंडाची, पाठराखिणीची आणि पाठशिवणीच्या खेळाची पाठ हीच. पाठशिवणीतले 'शिवणे' म्हणजे स्पर्श करणे.

'पाठवणी' ची पाठ मात्र वेगळी. ती 'पाठवणे' वरून आली आणि 'पाठवणे' संस्कृत 'प्रस्थापयति' वरून. प्रस्थान ठेवणे यातले प्रस्थान तेच. तिसरा 'पाठ' म्हणजे धडा, तो 'पठ्' या धातूचा. लिंगावरून ओळख सोपी जाते: पाठ दुखते ती स्त्रीलिंगी, पाठ वाचतो तो पुल्लिंगी.